नव्या इमारतीतले आयपी स्पीकर परिपाठाच्या मध्येच गप्प होतात

शाळाघंटा

नमस्कार मंडळी. माध्यमिक शाळेची घंटा, परिपाठ, सूचना आणि फाटकाचा इंटरकॉम असं सगळं नेटवर्कवर आणलंय. पाऊण काम झालंय, पाव अडलंय. मांडणी सविस्तर देतो.

जुनी इमारत (तळ + १): १२० वॅटचा, १०० व्होल्ट लाइनचा अँप्लिफायर. त्यावर व्हरांड्यात १० भिंतीवरचे स्पीकर, प्रत्येकी ६ वॅटच्या टॅपवर (स्पीकरने किती वॅट घ्यायचे ते ठरवणारं टोक), आणि मैदानाकडे तोंड केलेले २ हॉर्न, प्रत्येकी ३० वॅटच्या टॅपवर. अँपच्या ऑक्स इनपुटमध्ये नेटवर्कवरून आवाज घेणारं आयपी ऑडिओ अडॅप्टर. कार्यालयात साधा, सेटिंग नसलेला नेटवर्क स्विच आणि रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर फोन-एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर अ‍ॅस्टेरिस्क.

नवी इमारत (तळ + २): मैदानापलीकडे, साधारण ७० मीटरवर. मधे फायबर. तिथे १६ पोर्टचा मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) पीओई स्विच, म्हणजे नेटवर्कच्या तारेतूनच वीज देणारा, आणि ९ पीओई स्पीकर. घंटा आणि परिपाठ मल्टिकास्टने (एकच प्रवाह एकदम अनेक यंत्रांना) जातो, पत्ता २३९.२५५.१०.१.

फाटक: छोट्या दाराला एसआयपी (नेटवर्कवरून फोन करायची पद्धत) डोअर पॅनल आणि १२ व्होल्टचं मॅग्नेटिक लॉक. कार्यालयातला फोन जुनाच, अ‍ॅनालॉग, एटीए (साधा फोन नेटवर्कला जोडणारी डबी) लावून जोडलाय.

आता अडचणी. सकाळी १०:५५ च्या सुमारास विजेचा मेन स्विच चालू होतो. १०:५८ ची पहिली घंटा दोन्ही इमारतींत व्यवस्थित वाजते. ११ ला परिपाठ सुरू होतो आणि मिनिट-दोन मिनिटांत नव्या इमारतीतले नऊच्या नऊ स्पीकर गप्प. कधी प्रार्थनेत, कधी प्रतिज्ञेत. मग दिवसभर तिकडे एकही घंटा नाही. तिथला पीओई स्विच बंद-चालू केला की पुन्हा वाजतात, थोड्या वेळाने पुन्हा तेच. जुन्या इमारतीत मात्र काहीही होत नाही. फायबरचा माणूस म्हणतो फायबर ठीक, स्पीकरवाला म्हणतो स्पीकर ठीक. पिंग (यंत्र जाळ्यावर आहे का याची चाचणी) कायम लागतो.

दुसरं, मैदानावर उभं राहिलं की सूचना दोनदा ऐकू येते. तिसरं, फाटकावरून फोन येतो, बोलणं नीट होतं, पण ५ दाबलं की दार उघडत नाही. चौथं, महिन्यातून एखाद्या सकाळी पहिली घंटाच होत नाही आणि ११ नंतर पाच-दहा मिनिटांनी चक्क शाळा सुटल्याची घंटा होते. पोरं खूश असतात, आमची पंचाईत.

तांब्याची_तार

पहिल्या दुखण्याचं नाव आयजीएमपी स्नूपिंग. फायबर आणि स्पीकर दोघंही निर्दोष आहेत.

मॅनेज्ड स्विच मल्टिकास्टचा आवाज सरसकट सगळ्या पोर्टांवर सोडत नाही. ज्या पोर्टवरच्या यंत्राने ‘मला हा गट हवा’ असा निरोप दिला असेल, त्याच पोर्टवर सोडतो. स्पीकर चालू होताना तो निरोप एकदा आपणहून देतो. नंतर नेटवर्कवर कोणीतरी ठरावीक वेळाने ‘अजून हवा आहे का कुणाला?’ असं विचारावं लागतं, त्या विचारण्याला स्पीकर उत्तर देतो आणि स्विच नोंद ताजी करतो. विचारणाऱ्याला क्वेरियर म्हणतात. मोठ्या जाळ्यात हे काम राउटर करतो. तुमच्याकडे ते कोणीच करत नाही.

आता हिशोब बघा. विचारणा नेहमी १२५ सेकंदांनी होते. दोन विचारण्या आणि वर १० सेकंद, म्हणजे २६० सेकंद उत्तर आलं नाही की स्विच नोंद पुसतो. ४ मिनिटं २० सेकंद. मेन १०:५५ ला चालू, स्विचला उठायला दीड मिनिट, मग स्पीकरना मिनिटभर, म्हणजे निरोप गेला १०:५७:३० ला. त्यात ४:२० मिळवा: ११:०१:५० . प्रार्थना की प्रतिज्ञा, हे त्या दिवशी मेन कोणत्या मिनिटाला चालू झाला त्यावर ठरतं. जुन्या इमारतीतला साधा स्विच स्नूपिंग करतच नाही, सगळीकडे सगळं सोडतो, म्हणून तिथलं अडॅप्टर सुखात आहे. पिंग युनिकास्ट, म्हणजे एकाच यंत्राला जाणारा, आहे, त्याचा या नोंदीशी संबंध नाही. म्हणून तो कायम लागतो आणि सगळ्यांची दिशाभूल करतो.

नव्या इमारतीच्या स्विचमध्ये जा, आयजीएमपी स्नूपिंगच्या पानावर ‘क्वेरियर’ चालू करा. ज्या व्हीलॅनमध्ये (स्विचवर आखलेला जाळ्याचा वेगळा भाग) स्पीकर आहेत त्याच व्हीलॅनसाठी. त्या व्हीलॅनमध्ये स्विचला स्वतःचा आयपी पत्ता द्या. पत्ता नसेल तर काही स्विच ०.०.०.० या पत्त्यावरून विचारणा करतात आणि काही यंत्रं तिला दादच देत नाहीत. आयजीएमपीची आवृत्ती २ निवडा.

तपासायला दहा मिनिटांची एकसुरी फाइल मल्टिकास्टवर सोडा आणि स्विचमधला गटांचा तक्ता उघडून बसा. २३९.२५५.१०.१ समोर नऊ पोर्ट दिसले पाहिजेत आणि उरलेल्या वेळेचा आकडा साधारण दोन मिनिटांनी पुन्हा २६० च्या आसपास चढला पाहिजे. आकडा सरळ शून्याकडे उतरत गेला तर विचारणा होत नाहीये.

पोर्ट_५०६०

तांब्याची_तार यांचं निदान बरोबर, पण औषध मी वेगळं देईन. अशा लहान जाळ्यात स्नूपिंग बंदच करून टाका. जी.७११ किंवा जी.७२२ या कोडेकचा (आवाज आकड्यांत बांधायची पद्धत) एक प्रवाह मूळ ६४ किलोबिटचा, हेडर धरून साधारण ८७ किलोबिट प्रति सेकंद. तो १६ पोर्टांवर सांडला तर काय बिघडतं? एक खूण काढली की बिघडायची एक जागा कमी.

तेच स्नूपिंग ठेवायचं असेल तर ‘अनोळखी मल्टिकास्ट’ची सेटिंगही बघून घ्या. ती ‘सोडा’ अशी असती तर नोंद पुसल्यावरही आवाज चालूच राहिला असता. तुमच्याकडे ती ‘टाकून द्या’वर असणार.

तांब्याची_तार

त्याच व्हीलॅनवर वायफायचे अ‍ॅक्सेस पॉइंट किंवा सीसीटीव्ही नसतील तर स्नूपिंग बंद केलेलं चालेल. वायफायवर मल्टिकास्ट सर्वांत संथ वेगाने जातो आणि पोचल्याची पावती नसते. सगळं सांडू दिलं तर वर्गातल्या टॅबलेटांचं वायफाय रडायला लागतं. याच कारणाने वायफायवरचा स्पीकर मल्टिकास्ट घंटेसाठी लावू नये, तुकडे पडतात. आणि उद्या कोणी कॅमेरे मल्टिकास्टवर टाकले, एकेक चार मेगाबिटचा, तर सांडलेलं उचलायला जागा पुरणार नाही. क्वेरियरला दोन क्लिक लागतात, तो चालू करा.

पत्ता २३९.२५५.१०.१ चांगला निवडलाय. २२४.०.०.मधले पत्ते कधी घेऊ नका, ते जाळ्याच्या स्वतःच्या कामासाठी राखीव आहेत. २३९.०.०.आणि २३९.१२८.०.ने सुरू होणारेही टाळा. इथरनेटच्या पातळीवर पत्त्याचे शेवटचे २३ बिटच वापरले जातात, त्यामुळे ते राखीव पत्त्यांशी जुळतात आणि अनेक स्विच त्यांनाही सगळीकडे सोडतात.

शाळाघंटा

क्वेरियर चालू केला. तक्त्यात नऊ पोर्ट दिसतात, आकडा १३५-१४० पर्यंत उतरून पुन्हा चढतो. दहा मिनिटांची फाइल अखंड वाजली. अ‍ॅक्सेस पॉइंट त्याच व्हीलॅनवर आहेत, म्हणून स्नूपिंग ठेवलंय. स्पीकरचं व्हीलॅन सुट्टीत वेगळं करतो. बाकीच्या तिघांवर बोला.

हॉर्न_३०_वॅट

दोनदा ऐकू येण्याबद्दल. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. जुन्या इमारतीचा हॉर्न ७० मीटर पलीकडे नव्या इमारतीपाशी पोचायला ०.२ सेकंद लागतात. तिथला स्पीकर तेच वाक्य आधीच बोलून मोकळा झालेला असतो. दोन आवाजांतलं अंतर ३० ते ५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर कान त्यांना एक समजतो. २०० असेल तर सरळ प्रतिध्वनी. नेटवर्कमध्ये कितीही शोधा, इथे दोष हवेतल्या अंतराचा आहे.

त्यावर थोडा उशीर अडॅप्टरचाही असतो. अडॅप्टर आणि पीओई स्पीकर वेगवेगळ्या बनावटीचे असले की दोघांचे बफर (वाजवण्याआधी आवाज साठवून ठेवायचा वेळ) वेगळे. दोन्हीकडे बफर हाताने एकाच आकड्यावर ठेवा, ६० किंवा ८० मिलिसेकंद. ‘ऑटो’वर ठेवू नका, तो प्रत्येक वेळी वेगळा बसतो.

माझं स्पष्ट मत: व्हरांडे आणि मैदान हे दोन वेगळे गट करा. घंटा सगळीकडे चालते, ‘ठण्ण’ दोनदा ऐकू आलं तरी कुणाचं नुकसान नाही. बोललेली सूचना मात्र एका वेळी एकाच गटावर. परिपाठ मैदानावर होत असेल तर फक्त हॉर्न, वर्गात होत असेल तर फक्त व्हरांडे. त्यासाठी हॉर्नना वेगळा अँप आणि वेगळं अडॅप्टर लागेल, पत्ता २३९.२५५.१०.२ द्या.

तो वेगळा अँप तुम्हाला तसाही लागणारच आहे. बेरीज करा: १० गुणिले ६ म्हणजे ६०, २ गुणिले ३० म्हणजे ६०. १२० वॅटच्या अँपवर १२० वॅटचा भार, श्वास घ्यायला जागा नाही. १०० व्होल्ट लाइनवर टॅपांची बेरीज अँपच्या ८० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये. उन्हाळ्यात बंद कपाटात असा अँप तापून स्वतःला बंद करतो. लाइनवर मीटरचा ओहम लावून भार मोजू नका, ट्रान्सफॉर्मरच्या तारेचा डीसी रोध दिसतो आणि आकडा फसवा येतो. इम्पीडन्स मीटर लागतो. १०० व्होल्टवर ६० वॅट म्हणजे १६७ ओहम दिसले पाहिजेत. फार कमी दिसले तर कुठेतरी टॅप चुकलाय किंवा पावसाचं पाणी जॉइंटात शिरलंय.

अँपमध्ये ‘हूं’ असा आवाज येत असेल तर अडॅप्टर आणि ऑक्सच्या मधे ६०० ओहमचा एकास एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका. वीज वाचवायला अँप रिलेने चालू करत असाल तर प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला दोन सेकंद शांतता जोडा. नाहीतर ‘विद्यार्थ्यांनो’मधलं ‘विद्या’ कायमचं जाईल.

राष्ट्रगीत डबक्यातून आल्यासारखं वाटत असेल तर कोडेक जी.७११ वरून जी.७२२ करा. जी.७११ मध्ये आवाज ३४०० हर्ट्झला संपतो, जी.७२२ मध्ये ७००० पर्यंत जातो आणि प्रवाह तेवढाच, ६४ किलोबिट. फाइल १६ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो. पाठवणारा आणि घेणारा दोघांकडे कोडेक एकच हवा, मल्टिकास्टमध्ये आपसात बोलून ठरवायची सोय नसते. जुळलं नाही तर खरखर किंवा शांतता.

आणि हॉर्नचं तोंड आतल्या बाजूला वळवा. हॉर्नसमोर एका वॅटला एक मीटरवर १०८ डेसिबल धरले तर ३० वॅटला १२३ होतात. अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी, म्हणजे ६४ मीटरवरही ८५-८७ उरतात. शाळेभोवतीचा १०० मीटरचा परिसर ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं आणि तसा जाहीर असेल तर तिथली दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. टॅप ३० वरून १५ वर आणलात तर फक्त ३ डेसिबल घटतात, पण अँपवरचा हॉर्नचा भार निम्मा होतो.

पोर्ट_५०६०

फाटकाकडे येतो. आवाज जातो आणि ५ पोचत नाही, म्हणजे डीटीएमएफची (फोनवर दाबलेला आकडा पाठवायची) पद्धत जुळत नाही. आकडा तीन प्रकारे जातो: आवाजातच सुराच्या रूपात, आवाजाच्या प्रवाहात वेगळं पाकीट म्हणून (आरएफसी २८३३, नवा क्रमांक ४७३३), किंवा एसआयपीच्या निरोपातून (इन्फो). बहुतेक डोअर पॅनल दुसऱ्या प्रकाराची वाट बघतात. अ‍ॅनालॉग फोनमागचा एटीए ‘ऑटो’ किंवा ‘इनबँड’वर असला की सूर नुसता पॅनलच्या स्पीकरमधून ‘टीं’ असा वाजतो आणि रिले हलत नाही. फाटकाशी उभं राहून ५ दाबायला सांगा. ‘टीं’ ऐकू आला तर हेच.

एटीए, अ‍ॅस्टेरिस्कमधली दोन्ही खाती आणि पॅनल, चारही ठिकाणी आरएफसी २८३३ करा. पॅनलमध्ये उघडण्याचा कोड एका आकड्याचा ठेवू नका. बोलताना चुकून बोट लागतं. ‘५५तारा’ किंवा ‘५५चौकट’ (म्हणजे ५५* किंवा ५५#) असा ठेवा.

रिले हलतो पण दार उघडत नाही, असं निघालं तर पुढचं बघा. मॅग्नेटिक लॉक वीज असताना बंद असतं. म्हणजे तार रिलेच्या एनसी (एरवी जोडलेल्या) टोकातून गेली पाहिजे. एनओतून (एरवी तुटलेल्या टोकातून) नेली असेल तर दार कायम उघडं राहील आणि ५ दाबल्यावर लागेल. २८० किलोचं लॉक १२ व्होल्टवर साधारण अर्धा अँपिअर खातं. ते पॅनलच्या पीओईवर टाकू नका. ८०२.३एएफ पीओईत यंत्राच्या वाट्याला जास्तीत जास्त १२.९५ वॅट येतात, लॉकलाच ६ गेले तर पॅनल मधेच रीस्टार्ट होतो. वेगळा १२ व्होल्ट २ अँपिअरचा सप्लाय, सोबत ७ अँपिअर-तासाची बॅटरी.

लॉकच्या दोन टोकांवर उलटा डायोड, १एन४००७, पांढरा पट्टा प्लसकडे. तो नसला तर लॉक सुटताना उलटा झटका बसतो. पॅनलचा रिले काही महिन्यांत चिकटतो, त्याआधी आवाजात कटकट येते.

आणि उरलेल्या कॅट-६ च्या एका जोडीतून लॉकला वीज नेलेली असेल तर ती आज काढा. ३० मीटर जाऊन-येऊन ६० मीटर, जोडीचा रोध ४ ओहमच्या आसपास, अर्ध्या अँपिअरला २ व्होल्ट वाटेत खलास. लॉक दहा व्होल्टवर लागतं, पण दार जोरात ओढलं की सुटतं. १ चौरस मिलिमीटरची दुपदरी वायर ओढा, पडझड अर्ध्या व्होल्टवर येते.

शक्य असेल तर रिले पॅनलमध्ये न ठेवता आत, पहारेकऱ्याच्या खोलीत ठेवा. पॅनल भिंतीवरून उचकटला की त्यामागच्या दोन तारा बाहेरच्याच्या हातात येतात. आतल्या बाजूला काच फोडून दाबायचं हिरवं बटण लावा आणि त्याने लॉकची वीज थेट तोडा, नेटवर्क किंवा सॉफ्टवेअर मधे न आणता.

जाता जाता: मुख्याध्यापकांना मोबाइलवर फाटक हवं म्हणून राउटरवर एसआयपीचा ५०६० पोर्ट उघडू नका. काही तासांत जगभरातून पासवर्ड चाचपणं सुरू होतं. वायरगार्डचा (व्हीपीएन) बोगदा करा, एक यूडीपी पोर्ट, ५१८२०.

क्रॉनवाला

चौथी भानगड माझी. रास्पबेरी पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. बंद होताना किंवा ठरावीक काळाने तो वेळ कार्डावर लिहून ठेवतो आणि चालू झाल्यावर तिथूनच पुढे मोजायला लागतो, इंटरनेटवरून खरी वेळ मिळेपर्यंत. संध्याकाळी मेन खाडकन बंद केलात, शेवटची नोंद समजा ५:१७ ची होती. सकाळी १०:५५ ला पाय उठला, त्याच्या मते अजून कालची संध्याकाळ, ५:१७ . इंटरनेट वेळेत आलं तर कोणाला कळतही नाही. राउटर उशिरा जुळला की १०:५८ ची घंटा चुकते आणि तेरा मिनिटांनी त्याच्या घड्याळात साडेपाच वाजतात. शाळा सुटली!

डीएस३२३१ चं छोटं आरटीसी (बॅटरीवरच्या घड्याळाचं) मॉड्यूल घ्या, आयटूसीच्या चार तारा, सीआर२०३२ सेल. कॉन्फिग फाइलमध्ये आरटीसीचा ओव्हरले चालू करा आणि खोट्या घड्याळाची (कार्डावर वेळ लिहून ठेवणारी) सेवा काढून टाका, नाहीतर दोघं भांडतात. बाजारातल्या काही स्वस्त मॉड्यूलांवर चार्जिंगचा डायोड असतो आणि सीआर२०३२ चार्ज करायचा सेल नाही. तो डायोड किंवा त्यासोबतचा रोध डाग काढून उचला.

पायवरच क्रोनी हे वेळ जुळवणारं सॉफ्टवेअर बसवून त्यालाच शाळेचा टाइम सर्व्हर करा. वरचा स्रोत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा ठेवा, भारतीय प्रमाणवेळ तीच संस्था सांभाळते. स्पीकर, पॅनल, सगळे पायला विचारतील. वेळक्षेत्र अधिक साडेपाच. काही यंत्रांच्या यादीत फक्त पूर्ण तास असतात, तिथे घंटा यंत्रातल्या वेळापत्रकावर न ठेवता पायवरच ठेवा.

मेन रोज खाडकन बंद होणं कार्डालाही मारक आहे. पाय, कार्यालयातला स्विच आणि राउटर मिळून ३० वॅटही होत नाहीत. एवढं छोट्या यूपीएसवर चोवीस तास राहू द्या. कार्डाऐवजी यूएसबी एसएसडी.

वेळापत्रकाला प्रत्येक प्रकाराची वेगळी फाइल: रोजची, शनिवारची सकाळची, परीक्षेची. ‘आज कोणती’ हे एका जागी. ते बदलायला कार्यालयातल्या फोनवर आकडे द्या: ७१ रोजची, ७२ शनिवारची, ७३ परीक्षेची, ७० आज घंटा बंद. फोनवरच ‘परीक्षेचं वेळापत्रक लागलं’ असं परत ऐकू आलं पाहिजे, नाहीतर लोक तीनदा दाबतात. रात्री १२ ला ७० आणि ७३ आपोआप ७१ वर येतात की नाही, हे आधीच ठरवा. परीक्षा आठवडाभर चालते, म्हणून मी ७० परत आणतो, ७३ हाताने बदलेपर्यंत ठेवतो.

अ‍ॅस्टेरिस्कला घंटेची कॉल फाइल (कॉल लावायचा आदेश असलेली) देताना ती दुसऱ्या फोल्डरमध्ये पूर्ण लिहा आणि मग आउटगोइंग फोल्डरमध्ये हलवा. कॉपी करू नका. कॉपी अर्धी असतानाच अ‍ॅस्टेरिस्क ती उचलतो आणि घंटा जात नाही, रोज नाही, कधीतरी, म्हणून सापडत नाही. दोन्ही फोल्डर एकाच डिस्कवर हवेत, वेगळ्या डिस्कवर ‘हलवणं’ म्हणजे आतून कॉपीच.

शाळाघंटा

फाटकापाशी ‘टीं’ ऐकू आला. चारही ठिकाणी २८३३ केलं, ५५तारा दाबल्यावर रिले हलतो. पण लॉकची वीज कॅट-६ मधूनच नेलेली निघाली, लॉकवर ९.८ व्होल्ट. वायर उद्या ओढतो. आरटीसी मागवलंय, मेनवरून पाय काढून यूपीएसवर लावला. हॉर्न सध्या १५ च्या टॅपवर आणलेत, वेगळा अँप पुढच्या महिन्यात. एक राहिलं: पितळी टोल काढून ठेवायचा का?

हॉर्न_३०_वॅट

अजिबात नको. दांड्यासकट आहे तिथेच टांगलेला ठेवा, आणि त्याला यूपीएस लागत नाही. कार्यालयाच्या भिंतीवर एक साधं बटणही लावा, अँपच्या स्वतःच्या चाइमच्या (घंटीच्या सुराच्या) टोकांना थेट जोडलेलं. पाय बंद पडला तर जुनी इमारत त्या बटणावर, नवी टोलवर.

तांब्याची_तार

स्पीकर वेगळ्या व्हीलॅनवर नेलेत की क्वेरियर त्या नव्या व्हीलॅनवर पुन्हा चालू करायचा आहे, आणि तिथेही स्विचला आयपी द्यायचा. कार्यालयातल्या साध्या स्विचला व्हीलॅन कळत नाही. पाय आणि अडॅप्टर त्याच व्हीलॅनमध्ये हवेत, म्हणजे तिथे आठ पोर्टचा मॅनेज्ड स्विच आधी बसवा आणि मग सुट्टीतल्या कामाला हात घाला.